चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय, इंजिन मिसिंग करतंय: आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट

डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनचा दिवा स्थिर पेटला तर सवडीने गॅरेज गाठलं तरी चालतं. तोच दिवा लुकलुकायला लागला की सवड संपली. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाहीये आणि ते कच्चंच सायलेन्सरकडे चाललंय, असा त्याचा सरळ अर्थ. सोबत गाडी सिग्नलला उभी असताना थरथरत असेल, गिअरचा दांडा नाचत असेल, पिकअप मेला असेल, तर गॅरेजच्या भाषेत ‘एक सिलिंडर बंद’ आहे.

अशा वेळी सर्वात जास्त पैसे वाया जातात ते अंदाजाने पार्ट बदलण्यात. प्लग बदलले, फरक नाही. इंजेक्टर साफ केले, थ्रॉटल बॉडी साफ केली, ऑक्सिजन सेन्सर टाकला, तरी फरक नाही. शेवटी सापडते एक मेलेली कॉईल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) किंवा उंदराने कुरतडलेली वायर. म्हणून खालचा सगळा क्रम एकाच गोष्टीवर उभा आहे: कोणता सिलिंडर बंद आहे ते आधी पक्कं करा, मग तो का बंद आहे ते अदलाबदल करून शोधा, आणि पैसे सर्वात शेवटी काढा.

इथे गाडी धरली आहे ती चार सिलिंडरची एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) पेट्रोल, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असलेली. मे २०२४ च्या आधीची १.२ लिटर स्विफ्ट घ्या किंवा त्या घडणीची दुसरी कोणतीही. तीन सिलिंडरच्या गाड्यांना हेच सगळं लागू आहे. फक्त त्या मुळातच आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) थोड्या थरथरतात, त्यामुळे दिवा आणि कोड नसेल तर निव्वळ थरथर बघून इंजिन उघडायला बसू नका.

दिवा लुकलुकला त्या क्षणी

ॲक्सिलरेटरवरून पाय हलका करा, एसी बंद करा, चारही इंडिकेटर लावून सुरक्षित जागी थांबा. घाटात असाल तर वळणावर थांबू नका, पुढची रुंद जागा येईपर्यंत खालच्या गिअरमध्ये हळूहळू चढवा. ‘रेस करा, कार्बन निघून जाईल’ हा सल्ला कार्ब्युरेटरच्या जमान्यातला आहे. इथे प्रत्येक रेसबरोबर आणखी कच्चं पेट्रोल कॅटालिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा डबा) जातं आणि तिथे पेटतं. कन्व्हर्टरच्या आतलं तापमान हजार अंशांच्या आसपास गेलं की जाळीवरचा मौल्यवान धातूंचा थर निकामी व्हायला लागतो. त्याहून वर गेलं तर सिरॅमिकची जाळीच वितळून गोळा होते आणि सायलेन्सर आतून बुजतो. कॉईल हजार-दोन हजारांत येते, कन्व्हर्टर त्याच्या कैक पट. उन्हाळ्यात वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या कन्व्हर्टरने गवत पेटतं.

पाय हलका केल्यावर लुकलुकणं थांबून दिवा स्थिर झाला, तर २००० आरपीएमच्या आत ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. उभ्या गाडीतही लुकलुकत असेल, किंवा बोनेटखालून जळकट वास येत असेल, तर इंजिन बंद करा आणि टो करून न्या.

लुकलुकण्यामागचा हिशेब समजला की पुढचं सोपं जातं. ७५० आरपीएमच्या आयडलिंगला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला २५ स्फोट करतं, म्हणजे एकेका सिलिंडरच्या वाट्याला सहाच्या वर येतात. प्रत्येक स्फोटाने क्रँकला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याला, एक ढकल मिळते. एखादी ढकल चुकली की क्रँक तेवढ्यापुरता मंदावतो आणि क्रँक सेन्सर ते पकडतो. दर २०० फेऱ्यांमध्ये किती ढकली चुकल्या हे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मोजतो, आणि आकडा कन्व्हर्टर जळण्याइतका झाला की दिवा लुकलुकवतो. ३००० आरपीएमला या २०० फेऱ्या चार सेकंदांत होतात. म्हणूनच चढावर दिवा झटकन येतो आणि उतारावर गप्प बसतो.

बॅटरी काढण्याआधी कोड वाचा

बॅटरीची वायर काढून दिवा घालवणं ही सर्वात महागाची चूक. दिव्याबरोबर पुरावाही जातो. एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ (बिघाडाचे कोड नोंदवणारी यंत्रणा) आहे. स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचं सॉकेट असतं. ब्लूटूथचा साधा ईएलएम ३२७ डोंगल आणि फोनवरचं ॲप एवढ्यावर काम भागतं.

कोडचा फोटो काढून ठेवा. पी०३०१ ते पी०३०४ मधला शेवटचा अंक हा बंद सिलिंडरचा नंबर. आडव्या बसवलेल्या इंजिनात एक नंबर बहुधा पुली-बेल्टच्या बाजूला असतो, गिअरबॉक्सकडे चौथा. पी०३०० म्हणजे मिसिंग एका जागी नाही, फिरतंय. तिथे कॉईल-प्लगपेक्षा हवेची गळती, पेट्रोलचं प्रेशर किंवा खराब पेट्रोल यांच्यावर आधी संशय घ्या. पी०३५१ ते पी०३५४ म्हणजे त्या कॉईलची वायरिंग किंवा कॉईल, पी०२०१ ते पी०२०४ म्हणजे त्या इंजेक्टरची.

पी०३०२ च्या सोबत पी०१७१ दिसला, म्हणजे ‘मिश्रण पातळ’ असा कोड, तर ऑक्सिजन सेन्सर विकत घ्यायला धावू नका. बंद सिलिंडरमधली न वापरलेली हवा तशीच सायलेन्सरमध्ये येते, सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि तो प्रामाणिकपणे ‘पातळ’ असं सांगतो. सेन्सर बरोबर असतो, अर्थ आपण चुकीचा लावतो. आधी मिसिंग काढा, पी०१७१ पुष्कळदा आपोआप जातो.

ॲपमध्ये ‘फ्रीझ फ्रेम’ नावाचं पान असतं, ते उघडाच. कोड पडला त्या क्षणीचे आरपीएम, लोड, पाण्याचं तापमान आणि वेग तिथे नोंदलेले असतात. थंड इंजिन आणि ८०० आरपीएम ही एक गोष्ट, ९० अंश आणि ८० टक्के लोड ही दुसरी. लोडवरच मिसिंग असेल तर कॉईल, प्लग किंवा पेट्रोलचं प्रेशर. फक्त आयडलिंगला असून २५०० वर गाडी लोण्यासारखी चालत असेल तर हवेची गळती.

सीएनजी गाडी असेल तर इथेच एक फुकटची चाचणी आहे. स्विच पेट्रोलवर टाका. मिसिंग गेलं तर दोष गॅसच्या बाजूला आहे: गॅसचे इंजेक्टर, फिल्टर किंवा रेग्युलेटर, नाहीतर वाढलेली प्लगची गॅप, कारण गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि कमकुवत कॉईल-प्लग आधी गॅसवरच उघडे पडतात. पेट्रोलवरही तसंच राहिलं तर इग्निशन किंवा कॉम्प्रेशन.

पाच मिनिटं फक्त डोळ्यांनी

बोनेट उघडा, टॉर्च घ्या. उंदीर हा आपल्याकडचा मोठा गुन्हेगार आहे. बॅटरीच्या ट्रेवर लेंड्या, इन्सुलेशनचे तुकडे, कॉईल आणि इंजेक्टरच्या कपलरजवळ (वायरचा जोड) उघडी पडलेली तांब्याची तार बघा. हवेच्या फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाईप आणि टॅपेट कव्हरवरून निघणारी पीसीव्ही नळी (इंजिनातली वाफ परत ओढून घेणारी) वाकवून बघा, चिरा खालच्या अंगाला असतात आणि वरून दिसत नाहीत. नुकतंच सर्व्हिसिंग झालं असेल तर अर्धवट बसलेला कपलर शोधा. प्रेशरने इंजिन धुतलं असेल किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, पाणी असण्याची शक्यता मोठी. टाकी भरल्यावर थोड्याच किलोमीटरात पी०३०० आला तर पेट्रोलमध्ये पाणी आहे का ते आधी बघा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला ओढून घेऊन तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो.

कॉईलची अदलाबदल

हे काम अर्ध्या तासाचं आहे. १० नंबरची गोटी (सॉकेट), एक्स्टेन्शन, प्लगची गोटी (बहुतेक गाड्यांना १६ ची, काहींना १४ ची), फीलर गेज, मल्टिमीटर आणि मार्कर एवढं जवळ ठेवा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर आटे सोलवटून येऊ शकतात.

समजा कोड पी०३०२ आहे. इग्निशन बंद करा. मार्करने कॉईलवर २ आणि ३ लिहा. दोघींचे कपलर काढा, १० चे बोल्ट काढा, कॉईल किंचित फिरवत सरळ वर ओढा. दोनची कॉईल तीनवर, तीनची दोनवर बसवा. वायरचा कपलर मात्र ज्या सिलिंडरचा त्यालाच. कोड पुसा, गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवा. इथेही कच्चं पेट्रोल जातंच आहे, त्यामुळे रेस नाही आणि दिवा लुकलुकतोय तोवर चालवत बसणं नाही. पेंडिंग (अजून पक्का न झालेला) कोड पी०३०३ आला की संपलं, कॉईल मेली आहे. पी०३०२ च राहिला तर कॉईल निर्दोष. मग तीच अदलाबदल प्लगची, त्यानंतर इंजेक्टरची. एका वेळी एकच वस्तू. कॉईल आणि प्लग एकदम बदललेत तर गाडी सुधारेल, पण दोष कुणाचा होता ते कधीच कळणार नाही.

चालू इंजिनवर एकेक कॉईल उपटून ‘कोणता बंद’ ते बघण्याची जुनी सवय सोडून द्या. ठिणगी मोकळी उडते, झटका बसतो, ईसीयूचा ड्रायव्हर जाऊ शकतो, आणि पेट्रोल चालूच राहतं. तीच चाचणी इंजेक्टरचा कपलर क्षणभर काढून होते, हात पोचत असेल तर. पेट्रोल बंद होत असल्यामुळे कन्व्हर्टर सुरक्षित राहतो. चांगल्या सिलिंडरचा कपलर काढला की इंजिन आणखी लडखडतं. बंद सिलिंडरचा काढला की काहीच फरक पडत नाही.

कॉईल काढली की तिचं रबरी बूट नीट बघा. तेलाने फुगलेलं, मऊ पडलेलं, आतून तेलकट असेल तर टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून किंवा प्लगच्या नळीच्या सीलमधून तेल विहिरीत उतरतंय. नुसती कॉईल बदलून उपयोग नाही, नवीही काही महिन्यांत त्याच वाटेने जाईल. बुटावर पांढुरकी किंवा काळी बारीक रेघ दिसली तर ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता बाजूने हेडवर उडी मारते. बोनेट उघडून अंधारात बघितलं तर ती कधीकधी निळी चमकताना दिसते.

अलीकडच्या कॉईलमध्ये इग्नायटर (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आतच असतो, त्यामुळे मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजून निकाल लागत नाही. मीटर वापरा तो कपलरवर: इग्निशन ऑन असताना पॉवरच्या पिनवर बॅटरीइतके, म्हणजे १२ व्होल्टच्या आसपास, मिळायला हवेत, आणि अर्थच्या पिनला सातत्य (कंटिन्युइटी) हवं. चारही कॉईलना पॉवर नसेल तर फ्यूज किंवा रिले. एकीलाच नसेल तर वायर.

प्लग काय सांगतो

प्लग काढण्याआधी विहिरीत हवा मारा. नाहीतर तळाशी साचलेली रेती आणि माती थेट सिलिंडरमध्ये पडते. चारही प्लग काढून ओळीने, नंबरनुसार मांडा. एकटा प्लग बघून काही कळत नाही, शेजारच्यांशी तुलना केली की कळतं.

फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर प्रकृती ठीक. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय पण ठिणगी किंवा कॉम्प्रेशन नाही. इतर तपकिरी आणि एकच स्वच्छ, कोरडा असेल तर त्या सिलिंडरला पेट्रोलच पोचत नाहीये, इंजेक्टरकडे जा. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण जाड. तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. पांढराफटक आणि फोड आलेला म्हणजे जास्त तापलेला. एक प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड पॅकिंगचा संशय घ्या. पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी तडा असेल तर तो प्लग सरळ फेका, हातातून खाली पडलेलाही फेका.

गॅप फीलर गेजने मोजा. पेट्रोलला साधारण १ ते १.१ मिलिमीटर, सीएनजीला त्याहून कमी, ०.७ ते ०.८ च्या आसपास. अंतिम आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला. इरिडियम प्लगला पॉलिश पेपर लावू नका, त्याचं टोक घासलं की तो संपलाच. बसवताना आधी फक्त हाताने फिरवा. हाताने सहज जात नसेल तर आटे चुकले आहेत, तिथेच थांबा. टॉर्क १४ मिलिमीटरच्या आट्यांना २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०, १० मिलिमीटरला १० ते १२. टॉर्क रेंच नसेल तर वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा फेरा, जुना परत बसवताना अर्ध्याऐवजी घड्याळातल्या एका तासाएवढाच.

कॉईल, प्लग दोन्ही ठीक निघाले तर

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावा, पट्टे-पंखा सांभाळून. चारही टिकटिक सारख्या ऐकू यायला हव्यात. मुका असेल त्याचा रेझिस्टन्स मोजा. अशा इंजिनांत तो साधारण १२ ते १६ ओहम असतो आणि चौघांचा जवळपास सारखा हवा. टिकटिक आहे पण मिसिंगही आहे, तर इंजेक्टर अर्धवट बुजला असेल. अदलाबदल इथेही तोच निकाल देते, पण रेल काढावी लागते, पेट्रोलचं प्रेशर आधी उतरवावं लागतं आणि ओ-रिंग नव्या टाकाव्या लागतात. उघड्यावर, बिडी-सिगारेटपासून दूर करायचं काम आहे. खात्री नसेल तर इथून पुढचं मिस्त्रीवर सोपवा.

कोड पी०३०० असेल तर ॲपच्या लाईव्ह डेटामध्ये शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) बघा. दोघांची बेरीज ±१० टक्क्यांच्या आत हवी. आयडलिंगला +२० आणि २५०० आरपीएमला +३ दिसलं तर हवेची गळती नक्की. गळतीचं भोक तेवढंच राहतं, पण वाढत्या आरपीएमला इंजिन इतकी हवा ओढतं की ते भोक हिशेबात नगण्य ठरतं. उलट आयडलिंगला बरा आकडा आणि लोडवर +२० म्हणजे पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर किंवा रेग्युलेटर.

मॅप सेन्सरही (इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) बघा. इंजिन बंद आणि इग्निशन ऑन असताना मुंबईत तो १०० किलोपास्कलच्या आसपास दाखवतो, पुण्यात ९५ च्या, महाबळेश्वरला ८६-८७. गरम इंजिन आयडलिंगला, एसी बंद असताना, हाच आकडा साधारण ३० ते ४० वर यायला हवा. पन्नाशीकडे झुकला तर इंजिनला व्हॅक्यूम धरता येत नाहीये.

गळती शोधताना ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्ही, इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग या क्रमाने जा. चालू इंजिनवर साबणाचं पाणी थोडं थोडं फवारा. भोक क्षणभर बुजलं की आयडलिंग बदलतं. कार्ब क्लीनर मारूनही हे करतात, पण तो गरम एक्झॉस्टवर उडाला तर भडका होतो. आणखी एक लपलेला चोर म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह. टाकी भरल्या भरल्या गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल आणि आयडलिंग डगमगत असेल तर त्या व्हॉल्व्हपासून मॅनिफोल्डकडे जाणारी नळी चिमटीत दाबा. थरथर थांबली की व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे.

थ्रॉटल बॉडीतला कार्बन आयडलिंग बिघडवतो खरा, पण एकाच सिलिंडरचा कोड तो देत नाही. साफ करायचीच असेल तर इग्निशन ऑन असताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पट्टी बोटाने ढकलू नका, आतल्या गिअरचे दात तुटतात.

कॉम्प्रेशन

सगळं ठीक असूनही तोच सिलिंडर बंद राहिला तर गेज लावा. फ्युएल पंपाचा फ्यूज आणि सगळ्या कॉईलचे कपलर काढा, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा ठोके होईपर्यंत स्टार्टर फिरवा. आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा: तीन १८० पीएसआयवर आणि एक ११० वर, तर बोलायलाच नको. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर, ५ मिलिलिटर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा उडी मारून वर आला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड पॅकिंग. बरीच वर्षं सीएनजीवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसतात, टॅपेटची फट संपते आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. हेड उतरवण्याआधी टॅपेट क्लिअरन्स मोजायला सांगा. नुसत्या फटीत काम भागलं तर मोठा खर्च वाचतो.

दुरुस्तीनंतर

कोड पुसा, थंड इंजिनपासून सुरुवात करून वीसेक मिनिटं गाडी चालवा, त्यात थोडा चढ हवा. पेंडिंग कोडचं पान कोरं राहिलं पाहिजे. नंतर कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज बघा. तो ०.६ ते ०.७ वर बऱ्यापैकी स्थिर राहिला तर कन्व्हर्टर वाचला. पुढच्यासारखा ०.१ ते ०.९ अशा उड्या मारत असेल तर काही दिवसांत पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, येणार. मिसिंग गेलं तरी गाडी ३००० च्या वर चढतच नसेल, तर जाळी वितळून सायलेन्सर आतून बुजला आहे.

आणि ऑइलची डिपस्टिक काढून हुंगा. मिसिंग असताना गाडी बरीच चालली असेल तर पेट्रोल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरलेलं असतं. वास पेट्रोलचा असेल किंवा पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल, तर किलोमीटर न मोजता ऑइल आणि फिल्टर बदलून टाका.